न वाचता पाठवलेली भाकरी

...तर सुधारानीनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अप्पा, हे वाचा. मोठ्यानं नका वाचू." काल इथवर आलो आणि दूधवाला आला, गोष्ट तशीच राहिली. आता ऐका.

सुधारानी म्हणजे आमच्या शेजारच्या चंद्रभागाबाईची सून. सगळ्या दुबलगुंडीत चंद्रभागाबाईसारखी कडक भाकरी कुणाची होत नाही. ज्वारीची, कागदासारखी पातळ, धगीला उभी करून वाळवलेली. दोन महिने ठेवा, मोडताना कडाड वाजलीच पाहिजे. सून हुमनाबादला बी.कॉम. झालेली. आल्या वर्षीच तिनं सासूच्या भाकरीची साइट काढली. आता आमच्या भागात साइट म्हणजे प्लॉट. मी सातवी पास माणूस, म्हटलं भाकऱ्या विकून बाईनं प्लॉट घेतला की काय! दोन दिवस चंद्रभागाबाईला विचारत होतो, किती फुटांचा, रस्त्याला लागून आहे का. ती मला वेड लागलं समजली.

वेबसाइट निघाली, पण गिऱ्हाईक यायचं तर शोधल्यावर नाव वर दिसायला हवं. 'कडक भाकरी' म्हणून शोधलं की आधी सोलापूरवाले, मग पुणेवाले, आमच्या चंद्रभागाबाई चौथ्या पानावर. सुधारानीनं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की लोक जे ब्लॉग लिहितात त्याच्याखाली अभिप्राय टाकायचा आणि आपल्या नावाला वेबसाइटची लिंक जोडायची. नाव दिसतं साधं, पण बोट लावलं की दुकान उघडतं. अशा शेकडो लिंका झाल्या की सर्च इंजिनला वाटतं, या दुकानाचं नाव जिकडंतिकडं निघतंय, चला याला वर घेऊ.

एका दुपारी ती माझ्याकडं आली. "अप्पा, तुमी गोष्टीवाले. एक ओळ सांगा. कुठंबी चिकटवता आली पायजे. शेतीवर लिवलेलं असू द्या, देवावर असू द्या, भांडणावर असू द्या."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! शाळा सुटून साठ वर्षं झाली, कुणी माझ्याकडं मजकूर मागितला नव्हता. मी डोळे मिटले आणि सांगितलं, 'तुमचं लिहिणं काळजाला भिडलं. आमच्या हातची भाकरी तुमच्या घरी पाठवू द्या.'

"अप्पा, शहरात असता तर ह्याचंच दुकान टाकला असता तुमी," ती म्हणाली. मी ती ओळ पारावर चार दिवस सगळ्यांना ऐकवत होतो.

मग रोज भाकऱ्या धगीला लावल्या की ती मोबाइल घेऊन बसायची. दिवसाला चाळीस जागी तीच ओळ. मी एकदा विचारलं, "पोरी, वाचतीस तरी का?"

"चाळीस जागी वाचत बसले तर भाकरी कोण थापंल? तुमी?"

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तर त्या दिवशी मोबाइलवर जे होतं ते कमठाण्याच्या ज्ञानोबांचं होतं. हे गृहस्थ बसमध्ये कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर प्रवाशांच्या आठवणी ब्लॉगवर लिहायचे. त्यांची बायको शोभाबाई वारली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यावर लिहिलं, आणि त्याच्याखाली पहिला अभिप्राय आमचा. काळजाला भिडलं, भाकरी पाठवू द्या. त्याला त्यांनी उत्तर दिलं होतं:

'सुधारानीताई, घरात चूल नाही. शेजारी देतात ते खातो. तुम्ही ओळखीच्या नाही, नात्यातल्या नाही, आमच्या वस्तीतल्या नाही. तरी वाचलंत आणि भाकरी पाठवते म्हणालात. शोभा असती तर तिला दाखवलं असतं. पत्ता खाली लिहितो. वाट बघतो.'

आमच्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, दुसऱ्याच्या घरची भाकरी जाते. त्या माणसानं आमच्या जाहिरातीला ती भाकरी समजलं. दुसऱ्या मुलखातला असता तर चिडला असता, नाहीतर पुसून टाकलं असतं. आमच्याच मातीतला, म्हणून त्यानं विश्वास ठेवला.

आणि 'आमच्या वस्तीतल्या नाही' हे वाचून माझं तोंड उतरलं. ज्ञानोबा बौद्ध वस्तीतले. माझ्या लहानपणी आमच्या घरची भाकरी बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या हातात देत नसत, वरून टाकत. मी ते बघितलंय. बघून गप्प राहिलोय.

चंद्रभागाबाईला यात अडचण दिसेना. "पाठवती म्हणालीस, तर पाठव. तोंड कामून पाडायलीस?"

"आत्या, मी म्हणाले न्हाई. मी चिकटवले."

"भाकरी तर खरी हाय न्हवं?"

"भाकरी खरी हाय. बोलणं खोटं हाय."

तिला धीर द्यावा म्हणून मी विचारलं, "निदान आपलं नाव तरी वर आलं का?"

ती म्हणाली, "चौथ्या पानावरनं हललं न्हाई, अप्पा. पाच महिने झाले. काल बसून नीट वाचून काढलं. पहिल्यांदा चालायचं हे. मग सगळे जणच चिकटवत सुटले. आता बहुतेक ब्लॉगवर अभिप्रायातल्या लिंकेला आपोआप एक खूण लागती, की हे ब्लॉगच्या मालकानं लिवलेलं न्हाई, बाहेरच्यानं टाकलंय. सर्च इंजिन तिला धरत न्हाई म्हणलं तरी चालंल. दुसऱ्या कुणी आपणहून आपलं नाव घेतलं तरच त्याला वजन." मग म्हणाली, "म्हणजे माणसाला फसवले, ते बी फुकट."

दोन दिवसांत तिनं ज्ञानोबांचा ब्लॉग पहिल्यापासून वाचला. तिसऱ्या दिवशी वीस भाकऱ्या आणि शेंगाची चटणी पिशवीत घालून निघाली. मीही निघालो. म्हटलं, एकटी पोर कशी जाईल. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल, ओळ माझी होती.

बसमध्ये मी तिला पढवत होतो. "विचारलंच तर सांग, लई आवडलं. आता तर तू वाचलंयस. आधी वाचलं का मागनं वाचलं, कोण बघायलंय?"

"तुमी गप बसा अप्पा."

"दुःखातला माणूस हाय. त्याला अजून कामून दुखवायचं?"

माझं बोलणं तिला पटायला लागलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्याचंच बरं वाटत होतं.

ज्ञानोबा दारातच उभे होते. बारीक अंगाचे, अजून कंडक्टरसारखे पाय फाकवून उभे राहणारे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शोभाबाईंचा फोटो, ताजी फुलं. आम्हाला पाणी दिलं. पिशवी दोन्ही हातांनी घेतली. एक भाकरी काढून मोडली, कडाड वाजली, तसे थोडं हसले. एक तुकडा खाल्ला. मग तिच्यासमोर बसून म्हणाले, "पोरी, त्यातलं काय भिडलं तुला? सांग जरा. घरात आता तिच्यावर बोलायला कुणी न्हाई, मला ऐकू वाटायलंय."

मी तिला कोपरानं ढोसलं. ती ओळ मूळ माझी होती, हे मी तिथं बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय. सुधारानीनं पाण्याचा पेला खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि ती जे बोलली ते एकही अक्षर न बदलता सांगतो:

"काका, त्या दिवशी मी वाचलेच न्हाई. आमच्या भाकरीचं नाव वर यावं म्हणून एकच ओळ चाळीस जागी चिकटवले, त्यातली एक तुमच्या शोभाकाकूंच्या खाली पडली. तुमचं उत्तर आल्यावर वाचले. काकू शेवटच्या गाडीला तुमचा डबा घेऊन फाट्यावरनं चढायच्या, अन तुमी त्यांचं बी तिकीट फाडायचा, पैसे खिशातनं भरायचा, ते वाचून मी रडले. पण हे आज खरं हाय, तवा खरं न्हवतं. भाकरी ठेवायची का माघारी न्यायची, तुमी सांगा."