शकीलाआपांना पुसायला शिकायचं होतं

सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकासमोर मी पत्रकं वाटत उभी होते. पहिली पाळी सुटत होती, माणसं पत्रक घेत होती आणि घडी घालून खिशात टाकत होती. तेवढ्यात पुष्पामावशीचा फोन आला. पुष्पामावशी आमच्या गावच्या वाचनालयात शिपाई आहे. ती कामाशिवाय फोन करत नाही. "सुजे, आपा गेली गं. चहा ठेवला आन् तिथंच भिंतीला टेकली... पुन्हा उठलीच न्हाई." मी काय बोलावं? 'कधी', 'कसं', 'आता घरी कोण आहे', असलं काहीही माझ्या तोंडून निघालं नाही. मी विचारलं, "मावशी, कॉम्प्युटर कुठंय?"  मावशी हळूच म्हणाली, "हाय. कुलपात हाय. चावी माझ्यापाशी हाय." तेव्हा कुठं मला रडू आलं. माणूस गेल्यावर यंत्राची चौकशी करणारी ही कसली मुलगी, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. आम्ही तिघी त्या यंत्राला किती भ्यायलो होतो, ते आम्हालाच माहीत.

शकीलाआपा आमच्या गावच्या ग्रंथपाल. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, आणि ग्रामपंचायतीला चिकटून दोन खोल्यांचं वाचनालय. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या तिथं होत्या. आमच्याकडं पुस्तक मागायची एक रीत आहे. लेखकाचं नाव कुणाला आठवत नाही, पुस्तकाचंही नाही. आठवतं ते एवढंच की ते कुणी वाचलं होतं. "आपा, शेवंता वाचून रडली ते द्या." "मास्तरांच्या बायकोनं आजारपणात वाचलेलं जाडं पुस्तक हाय का?" आपा उठायच्या, कपाट उघडायच्या आणि तेच पुस्तक काढून द्यायच्या. आमचं वाचनालय असंच चालत आलं, एकीनं वाचलं की दुसरीला हवं व्हायचं. पण काही पुस्तकं कुणी नेली होती ते आपा कधीच बोलायच्या नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर, "मला काय म्हाईत बाई, मी आता म्हातारी झाले," म्हणून हसायच्या. मी बारावीत असताना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. घरचे तयार झाले होते. तेव्हा आपांनी लग्नाच्या कायद्याची एक पुस्तिका वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दप्तरात टाकली. ती वाचून मी नाही म्हणाले. पोरीच्या डोक्यात हे कुणी घातलं, याचा शोध तात्यांनी बरेच दिवस घेतला. आपांनी तोंड उघडलं नाही. आणखी कुणी काय नेलं ते मी इथं लिहिणार नाही. मला सगळं माहीतही नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आपा एकाएकी कार्यशाळांना जायला लागल्या. ग्रंथालयांचं संगणकीकरण, बारकोड, ऑनलाइन सूची, जिथं जे असेल तिथं. नगरला, शिर्डीला, एकदा पार पुण्याला. मी तोवर ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करायला लागले होते, आणि या कार्यशाळांचा मला मनस्वी राग होता. आजही आहे. खेड्यातल्या ग्रंथपालाला तंत्रज्ञान शिका म्हणून फर्मान निघतं. कार्यशाळा कामाच्या दिवशी. प्रवास ज्याचा त्यानं करायचा. वाचनालयात दुसरं माणूस नाही, म्हणजे कुलूप लावून जा, आणि कुलूप का लावलं म्हणून समितीची बोलणी खा. अर्धा दिवस सत्कार, गुलाबाचं फूल, दीपप्रज्वलन. शिकवण्याला तास-दीड तास, तोही भिंतीवरच्या पडद्याकडं बघत. हात कुणाचा कीबोर्डला लागत नाही. शेवटी प्रमाणपत्र, फोटो, चला घरी. नाहीतर ऑनलाइनची लिंक येते, आणि आमच्या गावात रेंज यायला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसावं लागतं. याला शिकण्याची संधी म्हणतात! मी पत्रक काढलं. पन्नाशी ओलांडलेली एक ग्रंथपाल पदरचं सगळं घालून शिकते आहे, शासनाला लाज वाटली पाहिजे, असं ठळक अक्षरात, वर आपांचा फोटो. पत्रक बघून आपांचा चेहरा पडला. "सुजे, माझा फोटू काढ त्यातनं. मला लई भ्या वाटतं." मला वाटलं, बाईमाणूस आहे, बुजते.

खरं काय ते माळीवाड्याच्या स्टँडवर कळलं. नगरची एक कार्यशाळा संपवून आम्ही दोघी एसटीची वाट बघत होतो. मला भूक लागली होती, आपा मात्र हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसल्या होत्या. मग समोरच्या गाडीची पाटी वाचत वाचत म्हणाल्या, "परवा कमळी आली हुती. म्हनली, सरूनं वाचलेलं द्या. आन् मला सरू कोन तेच आठवंना." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "चार-पाच महिन्यांपूर्वी उजवा हात आन् तोंड वाकडं झाल्तं. तासाभरात सुधरलं. डॉक्टर म्हनला, डोक्यात गाठ आली हुती रक्ताची, परत यील. घरी सांगितलं न्हाई. तवापासनं माणसं पुसली चाललीत माझ्या डोक्यातनं... सगळं तिथंच हाय गं. दुसरीकडं कुटं लिवलेलं न्हाई. ते रिकामं व्हायच्या आत मला कॉम्प्युटरात टाकायचंय." माझी भूक मेली. ज्या बाईला मी तंत्रज्ञानाची हौस असलेली म्हणून पत्रकात छापलं होतं, ती बाई घाबरून धावत होती.

मग त्यांनी ते खरंच टाकलं. वाचनालयाला योजनेतून मिळालेला कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर निघाला. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीखाली टीप लिहायला एक रकाना असतो, त्यात आपा एकेका बोटानं वाचणाऱ्यांची नावं टाकायला लागल्या. कुणी, कधी, कशासाठी वाचलं. पुष्पामावशी शेजारी बसून आठवण करून द्यायची, चुकलं की म्हणायची, "आगं ती थोरली न्हाई, धाकटी." त्या दिवसांत दोघी खुशीत होत्या. पुढच्या कार्यशाळेत आपांनी मोठ्या हौसेनं ते शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. मॅडम पुण्याच्या, वयानं माझ्याएवढ्या, स्वभावानं भल्या. त्यांनी दोन-तीन नोंदी वाचल्या आणि आवाज खाली आणला. "आपा, वाचकाचं नाव इथं ठेवू नका हो. पुस्तक परत आलं की आपण नाव नोंदीतून निघून जाऊ देतो, ते मुद्दाम. ज्याच्या हाती हा कॉम्प्युटर येईल, त्याला एका क्षणात कळेल कोण काय वाचतं." आपांनी मला नंतर सांगितलं की त्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. डोक्यातलं कुणाला दिसत नव्हतं. आता ते पडद्यावर होतं, आणि नाव टाकलं की गावातलं कुणीही ते शोधू शकत होतं.

आणि भीती वाटावी तसंच झालं. आठवड्याभरात तात्या वाचनालयात आले, खुर्ची ओढून बसले. पुष्पामावशीनं मला नंतर त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली.

"आपा, सगळं कॉम्प्युटरात घातलं म्हनं तुमी? नाव टाकलं की दिसतंय?"

"पुस्तकं दिसत्यात तात्या."

"पुस्तकं दिसत्यात आन् मानसं न्हाई व्हय? गावच्या पोरी-बाया काय वाचत्यात ते अध्यक्षाला नको कळायला? एक कापी काढून द्या. मी काय खातोय का तुमाला?"

आपा म्हणाल्या, मशीन नवं आहे, मला अजून येत नाही. ते खरंच होतं. तात्या म्हणाले, "मग शिका की. इतक्या कार्यशाळा केल्या, कशाला केल्या?" हसत हसतच गेले. हा मजकूर वाचून त्यांना राग येईल. येऊ दे.

त्या रात्रीपासून आपांची झोप उडाली. टाकायचं त्या शिकल्या होत्या, पुसायचं कुणी शिकवलंच नव्हतं. एवढ्या कार्यशाळा झाल्या, त्यांत भरा, जोडा, साठवा, पाठवा, एवढंच. भलतं बटण दाबलं तर सगळी सूचीच जाईल ही एक भीती, आणि पुसलेलं आत कुठं तरी राहील ही दुसरी. मी म्हटलं, कॉम्प्युटर चालूच करू नका. त्या म्हणाल्या, "आन् मी उद्या आडवी झाले तर?" एका ऑनलाइन सत्रात टाकीच्या जिन्यावर बसून त्यांनी माइक उघडला आणि विचारलं, "टाकलेलं पुसायचं कसं? परत कुनाला घावनार न्हाई असं?" दोन-तीन जण हसले. त्या मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, शिर्डीच्या कार्यशाळेला या, मी दाखवते.

शिर्डीला मी बरोबर गेले. एका हॉटेलच्या तळघरातला हॉल, वर भक्तांची वर्दळ, खाली बारकोडवर भाषण. जेवणाच्या सुट्टीत मॅडम आणि आपा कोपऱ्यात बसल्या, पुऱ्या गार होऊ दिल्या. कसं शोधायचं, कसं रिकामं करायचं, जुनी साठवलेली प्रत कुठं असते, ती कशी काढायची. मॅडमनी हात लावला नाही, आपांच्याच बोटांनी करवून घेतलं, पुन्हा पुन्हा. परतीच्या गाडीत मला हायसं वाटत होतं. आपा खिडकीकडं तोंड करून होत्या. "पुसीन की. पन मग मी इसरल्यावर कमळीला तिचं पुस्तक कुनी द्यायचं, सुजे?" माझ्याकडं कुठल्याही प्रश्नावर पत्रक असतं. तेव्हा मी पाण्याची बाटली पुढं केली.

त्यानंतर मी सुप्यात कारखान्याच्या कामगारांच्या कामात अडकले. आणि मग तो फोन. मी पोहोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. बायकांत बसले, आपांच्या बहिणीचा हात धरला. ओसरीवर तात्या सांत्वनाला आलेले. उठताना मावशीला म्हणाले, "वाचनालयाचा कॉम्प्युटर उद्या माझ्याकडं आनून ठिवा. बाई गेली, उघड्यावर नको." मावशी व्हय म्हणाली. आम्ही दोघी तडक वाचनालयात गेलो. पुसलं होतं का? सगळं पुसलं होतं का? कॉम्प्युटर सुरू झाला. मी माझं नाव टाकलं. काही आलं नाही. आणखी दोन नावं टाकली, जी मला माहीत होती. नाही. कमळबाईंचं, म्हणजे आपांच्या कमळीचं टाकलं, आणि पुस्तकांची रांगच्या रांग आली. मी ते पुसायला हात पुढं केला. मावशी म्हणाली, "भिऊ नको. तिला इचारलंय."

शिर्डीहून आल्यावर आपा मावशीला घेऊन घरोघर गेल्या होत्या. भाकरी थापणाऱ्या बाईजवळ बसायचं आणि विचारायचं, तुझं नाव ठेवू का पुसू? जिनं हो म्हटलं तिचं ठेवलं. कमळबाई तर म्हणाल्या होत्या, "ठिवा, मोठ्या अक्षरात ठिवा." जिनं मान हलवली, किंवा नुसतीच चुलीकडं बघत राहिली, तिचं पुसलं. मी विचारलं, "मला का नाही विचारलं मग?" मावशीनं डोळ्याला पदर लावला, आणि तशातही तिला हसू आलं. "आपा म्हनली, तिला इचारू नको. ती हो म्हनंल, पत्रकात छापंल, आन् फसंल."

कॉम्प्युटर तात्यांकडं गेला आणि काही दिवसांनी मुकाट्यानं परत आला. त्यांना त्यात काय सापडलं, मला ठाऊक नाही. आपांच्या हातून एखादी जुनी प्रत राहून गेली असेल का, याची भीती मला अजून वाटते. तात्या समोरून आले की मी त्यांच्या डोळ्यांकडं बघते. नवा ग्रंथपाल नेमलेला नाही, मावशीच टेबलावर बसते. परवा गेले तेव्हा एक नवी सून पुस्तक परत करायला आली होती. दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मावशीनं पुस्तक उपडं ठेवलं, पुढं वाकून विचारलं, "ठिवू का नाव?" मुलीनं म्हाताऱ्यांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि मानेनंच नाही म्हटलं. मावशीनं एक बोट उचललं, बटण नीट बघून घेतलं, आणि दाबलं.