सासऱ्यांची कवळी

ती ज्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची, तिथे सोमवारपासून नुसता धुमाकूळ चालला होता. शनिवारच्या आत चौदा कवळ्या द्यायच्या होत्या आणि एखाद्या कवळीचा दात जरी तिरका बसला तरी मालक या सुनबाईवरच डाफरायचा. घरी यावं तर सासरे टपलेलेच असायचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पण घरालाही शाळाच समजायचे.

"तुझ्या हातची कवळी टोचते. तुझ्या बोलण्यासारखीच."

मंगळवारी तिचं डोकंच फिरलं. "द्या इकडे, घासून आणते," म्हणत तिने कवळी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

बोळक्या तोंडाने बोलायची सासऱ्यांना लाज वाटायची, त्यामुळे घर एकदम गप्पगार झालं. कवळी बुधवारीच घासून झाली होती. तिने ती रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी दडपली आणि रोज संध्याकाळी तेच सांगत राहिली, "काम तुंबलंय, बाबा." कित्येक महिन्यांनी तिच्या घशाखाली दोन घास सुखाने उतरले.

रविवारी नणंद आली आणि दारातूनच कडाडली, "आमच्या बाबांना उपाशी मारतेस काय गं?"

"दुरुस्तीला वेळ लागतो, ताई. अजून तयार नाही झाली."

सासरे शांतपणे उठले. कपाटातून त्यांनी स्वतःची जुनी कवळी काढली, तोंडात बसवली आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "बुधवारपासून तुझ्या पर्समध्ये आहे. मी रोज उघडून बघतोय. आजचं धरून पाच वेळा खोटं बोललीस."