रिकाम्या खुर्च्यांची मैदानं

सांगलीला दादाकडे गेले, तर बैठकीच्या भिंती हिरव्या झालेल्या. सगळीकडे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानांची चित्रं. मोजक्याच प्रती काढलेली, कोपऱ्यात चित्रकाराची पेन्सिलीतली सही असलेली. माझ्या या थोरल्या भावानं आयुष्यात कधी क्रिकेटचा स्कोअरसुद्धा विचारला नव्हता.

"दादा, हा खेळ कळतो तुला?"

"छे!"

"मग?"

तो चष्मा पुसत राहिला. "मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो ना, तेव्हा नातू, अनिकेत, एका मॅचला घेऊन गेला. अख्खी दुपार पोरगं माझ्या शेजारी बसून होतं. फोन खिशात. मला खेळ समजावून सांगत होतं."

"यातलं कुठलं ते मैदान?"

"तेच आठवत नाही. म्हणून दिसेल ते मागवतो."

"अनिकेतला विचार की."

"विचारलं. त्यालाही आठवत नाही."

चित्रांत गवत होतं, आभाळ होतं, खुर्च्यांच्या रांगा होत्या. माणूस एकही नव्हता. आपण जागा जपतो, की तिथं शेजारी बसलेलं माणूस? आणि जागाच चुकीची निघाली, तर जपलेलंही खोटं ठरतं का? हसावं की त्याला जवळ घ्यावं, कळत नव्हतं.

"तुला कुठलं वाटतं?" दादानं विचारलं.

मी तिथं कधी गेलेच नव्हते. तरी खिडकीजवळच्या एका चित्राकडे बोट दाखवलं. त्यात सगळ्या खुर्च्यांवर लख्ख ऊन पडलं होतं.

दादा उठून जवळ गेला, बराच वेळ बघत राहिला. "ऊन होतं खरं," तो म्हणाला. "अनिकेतनं स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती."