पिवळ्या मनुका

आमच्या नात्यागोत्यात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. त्यामुळे गिरणी बंद पडून घरी बसलेल्या बाबांचं पोट बिघडलं, तेव्हा मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत सुक्या मेव्याचं दुकान थाटलं गेलं. पिवळ्याधमक मनुका, नारिंगी जर्दाळू, संत्र्याच्या सरबताच्या बाटल्या. आई मनुका भिजत घालायची आणि सकाळी पाण्यासकट बाबांपुढे धरायची.

"घ्या. अंगात जरा शक्ती येईल."

शक्ती येईना. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं फुगायचं, कळा यायच्या, मग जुलाब. बाबांचा सदरा खांद्यावरून घसरू लागला. ते वाळत तसतसे पाहुणे वाढत, आणि पाहुण्यांबरोबर मनुका. उरलेल्या मी संपवायचो. नोकरीला लागलेला घोडा होतो मी. बाबांचे गाल आत जात होते आणि माझे वर येत होते, एवढीच माझी त्या आजारपणातली कामगिरी.

डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात तपासून घ्यायला सांगितलं. त्या आजाराचं नाव घरात कोणी काढलं नाही. आई देवापुढे जास्त वेळ बसू लागली.

तेवढ्यात गावाहून तार आली. थोरले काका गेले. बाबांना एसटीचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. सख्ख्या भावाला खांदा द्यायला जाता आलं नाही, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सुतक लागलं. सुतकाच्या घरी कोणी काही आणत नाही; माणसं येतात, बसतात, पाणीसुद्धा न पिता उठतात. आईने मेव्याचे डबे आणि बाटल्या माळ्यावर टाकल्या. जेवायला भात आणि बिनफोडणीचं वरण.

आठवडा होत आला तसं एका दुपारी बाबांनी भात परत मागितला. घास हातात धरूनच ते रडायला लागले.

"दादा गेलो नि माझा पोट सुधारला. ह्या काय गो झाला?"

आईने भात वाढला.

सुतक फिटल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. काय बंद केलंत, त्यांनी विचारलं. मी डबे आठवून आठवून सांगितले. ते म्हणाले, "मनुकांचा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, सरबत टिकावं म्हणून पावडर घालतात. काहींना ते सोसत नाही. काहींना नुसता सुका मेवाही सोसत नाही. तपासणी मात्र चुकवू नका."

चुकवली नाही. काही निघालं नाही.

घरी काकांनी उन्हाळ्यात पाठवलेली आंबापोळी तशीच होती. आंबा उष्ण, म्हणून आईने बाबांना दिलीच नव्हती. आता त्यांनीच मागितली.

"अहो, हीसुद्धा सुकवलेलीच ना!"

"दादान उन्हात सुकवलेली आसा. दी माका."

नखाएवढा तुकडा त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरला. आई आणि मी, दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं, तसे त्यांच्या पोटाकडे बघत बसलो. दिवेलागणीला त्यांनी सदरा वर करून पोटावर थाप मारली.

"गप आसा."

ती आंबापोळी त्यांनी पुढे कित्येक महिने नखानखाने पुरवली. आता गावाहून दुसरी यायची नव्हती. मला त्यातला एकही तुकडा मिळाला नाही, आणि माझ्यासारख्या खादाडानेही तो मागितला नाही.