मौन शिबिर आणि किसनभाऊचा भोंगा

आमच्या ध्यानकेंद्रात संपूर्ण मौन पाळलं जातं, आणि त्या मौनात जो आवाज ऐकू येतो तो माझा असतो.

माझी बायको सुमन शाळेतून निवृत्त झाली, तिथून हे सुरू झालं. सारी नोकरी तिनं मुलींना कवायत आणि योगासनं शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रा करतात, लोणची घालतात, निदान सुनेशी भांडतात. हिनं जाहीर केलं की घाटंजीजवळच्या आमच्या शेतात योग आणि ध्यानाचं केंद्र काढायचं, तेही निसर्गाला धक्का न लावता. म्हणजे सिमेंट नाही, टिनाचे पत्रे नाहीत, पंखे नाहीत. मातीच्या भिंती, तुराट्यांचे कूड, शेणानं सारवलेली जमीन. ध्यानाची जागा कडुनिंबाखाली, चारही बाजूंनी उघडी. कुंपण तरी घालू म्हटलं तर म्हणाली, "निसर्गाले कुंपण घालते का कोणी?"

हे सगळं मी शांतपणे ऐकून घेतलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण माझा आवाज हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे. नोकरीत असताना मी टेबलावरून हाक मारली की आमचा शिपाई चहाच्या टपरीवरून उठायचा. (सोबत शेजारच्या कचेरीचाही शिपाई उठायचा. त्याला वाटायचं, त्याच्याच साहेबानं बोलावलं.)

भिंतींपर्यंत मी कसाबसा दम धरला. संडासापाशी माझा संयम सुटला. सुमननं बिनपाण्याचा संडास बांधायला काढला होता! काम झालं की वरून लाकडाचा भुसा टाकायचा, पुढे त्याचं खत होणार, ते खत वांग्यांना जाणार, आणि ती वांगी मी खाणार. हे कळल्यावर मी तडक धुऱ्यावर गेलो. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या शेतात मोबाइलची रेंज फक्त तिथं येते, शेजारच्या किसनभाऊच्या शेताला लागून. तिथून मी यवतमाळच्या माझ्या साळ्याला फोन लावला आणि त्याच्या बहिणीबद्दल माझं जे काही मत होतं ते मोकळेपणानं सांगितलं. पोट साफ झाल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी निमूटपणे भुशाची पोती उतरवून घेतली.

थंडीत पहिलं शिबिर ठरलं. नागपूरच्या सात-आठ बायका येणार होत्या आणि त्यांच्या म्होरक्या होत्या एक डॉक्टरीणबाई. आदल्या दिवशी सुमन ध्यानाची जागा सारवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हे जमलं तं जमलं. नाई तं शेत ठेक्यानं देऊन टाकू. मी पुन्हा नाव नाई काढणार." तिचा हात सारवत राहिला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती. मी तिथल्या तिथं कबूल केलं की शिबिरभर मी तोंडातून शब्द काढणार नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उद्यापासून उडायचं कबूल केलं होतं.

किसनभाऊकडेही ती जाऊन आली. ट्रॅक्टरवरची गाणी तेवढी बंद ठेवा म्हणाली. किसनभाऊ म्हणाले, वहिनी, बेफिकीर राहा, पान हालल तेवढाच आवाज.

सकाळी बायका शाली पांघरून बसल्या. मी शेवटच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात, ओठ घट्ट मिटून. सगळीकडे खरंच शांत होतं. सुमन हळू आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. आता निसर्ग काय म्हणतो, तेवढंच ऐका."

निसर्ग म्हणाला, "अरे, पागल झाली हाय तुही बहीण!"

मी दचकलो. आवाज माझा होता, आणि तोंड तर मिटलेलं होतं!

"डोळे मिटाले पैसे कोन देते? घरी फुकट झोपता येत नाई का?" निसर्गानं जरा दम घेतला. "अन् थो संडास! मी त्यात पाय नाई ठेवणार!"

मग एक खरखर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

बायकांनी एकेक करून डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी बोटानं माझे मिटलेले ओठ दाखवले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे रोगी पाहावा तशा पाहू लागल्या. सुमननं मात्र डोळे उघडलेच नाहीत, आणि मला खरी भीती त्याची वाटली.

आवाज किसनभाऊच्या तुरीतून येत होता. मी अनवाणी तिकडे धावलो. तेवढ्यात तुरीतून माकडांची टोळी उसळली आणि त्या आवाजाला भिऊन सरळ आमच्याकडे आली. कुंपण नव्हतंच! नाश्त्याची मटकी गेली, एक शाल गेली, एक म्हातारं माकड सुमनच्या शेजारच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसलं. आता मौन कसलं पाळता? वळसा घालून मी माकडांच्या पलीकडे गेलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

तिथंच चुकलं. मागून मी ओरडत होतो आणि पुढूनही मीच ओरडत होतो. माकडांना पळायला वाटच उरली नाही. ती सगळी कडुनिंबावर चढली आणि घाबरलेलं माकड वरून जे काही सोडतं ते सोडू लागली. बायकांनी आडोसा शोधला. चारही भिंती आणि दार असलेली जवळपासची जागा एकच होती. नागपूरचं अख्खं शिबिर बिनपाण्याच्या संडासात शिरलं.

तुरीतला भोंगा बंद करून किसनभाऊ आले ते माझं कौतुक करतच. "दादा, माह्या आवाजाले वांदरं भेतच नाई. त्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर फोनवर बोलून राह्यलते, तं बाभळीवरचे सारे वांदरं पयाले. मंग म्या मोबाइल काढला अन् भरून घेतलं. आज भोंग्यावर लावलं."

सुमननं विचारलं, तुम्ही तर आवाज करणार नव्हता ना?

किसनभाऊंना मनापासून नवल वाटलं. "थो आवाज नोहे ना, वहिनी. थो तं राखणदार हाय."

ते गेल्यावर सुमन माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमाले असं वाटून राह्यलं होतं, तं मले सांगाचं," ती म्हणाली. "वांदरांले कायले सांगतलं?"

मला फार वाईट वाटलं. मी खाली वाकून विस्कटलेली आसनं सरळ करू लागलो.

तेवढ्यात संडासाचं दार उघडलं. डॉक्टरीणबाई केसातला भुसा झटकत बाहेर आल्या. शेत आवडलं, सकाळ आवडली, म्हणाल्या. मग जरा घुटमळून बोलल्या, "बाई, थोडं स्पष्ट बोलू का? तो आवाज कोणाचाही असो, संडासाबद्दल त्याचं म्हणणं बरोबर आहे. आम्हाला भिडेपोटी बोलता येत नव्हतं."

मागून सगळ्या बायका हसल्या. सुमननं ओठ दाबून धरले, पण शेवटी तीही हसली. उन्हाळ्याआधी पाण्याचा संडास झाला, काटेरी कुंपणही झालं, आणि त्याच बायका मैत्रिणींना घेऊन परत आल्या.

भोंगा आता किसनभाऊच्या शेताच्या पलीकडच्या टोकाला असतो, पण वारा फिरला की ऐकू येतोच. माझा तो संताप आसपासच्या शेतकऱ्यांनी मागून नेला आहे. पार पुढच्या गावापर्यंत माकडं मला ओळखतात, असं कळतं. सुमननं त्याचाही उपयोग करून घेतला. दर शिबिरात डोळे मिटायच्या आधी ती सांगते, "मधूनच एक माणूस ओरडल. थे आमचे हे आहेत. ध्यानाचा पहिला धडा हाच, का कितीही ओरडा झाला तरी तिकडे लक्ष द्यायचं नाई. मी सारा संसार असाच केला."

बायका वळून माझ्याकडे पाहतात. मी शेवटच्या रांगेतून मान डोलावतो. मौन असतं ना!