हिम्मतरावांनी लॅपटॉप निवडला

हिम्मतराव मुखेडकर एकतीस वर्षं सरकारी खात्याच्या खरेदी विभागात होते. पाण्याचा पंप असो, लाकडी टेबल असो नाहीतर टाइपरायटरची फीत, चार ठिकाणची कोटेशनं मागवायची, पट्टीनं रेघा आखून तुलनात्मक तक्ता करायचा, एकेका रकान्यात एकेक गुण मांडायचा आणि मग साहेबांपुढं ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या तक्त्यावर ऑडिटनं कधी बोट ठेवलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. निवृत्त होऊन काचीगुड्याच्या घरात बसले तरी सवय सुटली नाही. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा कोठीपासून सिकंदराबादपर्यंतची दुकानं त्यांनी महिनाभर पालथी घातली होती आणि तोवर घरात चटणी खलबत्त्यातच कुटली जात होती.

त्यांच्या बायकोला, जयवंताबाईंना, हे मुळीच मानवायचं नाही. त्या मराठी शाळेत शिकवायच्या. भाजीवाल्यापुढच्या पहिल्याच ढिगातली वांगी उचलून त्या मोकळ्या व्हायच्या. आवाज असा खणखणीत, की त्यांच्या वर्गात कविता चालू असली की बाहेर रिक्षावाल्यांना पाठ व्हावी. पोरांवर रागवताना त्यांना मराठी पुरायची नाही, मग तिथली दखनी हिंदी यायची. "बैठते क्या नै रे नीचे," असं म्हटलं की अख्खा वर्ग चिडीचूप.

दोन हजार दोन सालच्या संक्रांतीनंतर या आवाजाला काहीतरी झालं. आधी 'र' घसरायला लागला. दाढेमुळं असेल म्हणून दाढ काढली. मग चहा पिताना ठसका लागायला लागला. वर्गात एक दिवस हजेरी घेताना पोरं हसली, तेव्हा त्या हजेरीपट मिटून घरी आल्या आणि पुन्हा शाळेत गेल्या नाहीत. मे महिन्यात मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी हिम्मतरावांना आणि त्यांच्या मुलीला, प्रियदर्शिनीला, आत बोलावून सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्यात. बोलणं आधी जाईल, मग हात. यावर इलाज नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही, पण बोटं चालतात तोवर त्यांना कॉम्प्युटरवर लिहायची सवय लावा.

जुलैपर्यंत बोलणं गेलं. जयवंताबाई पाटीवर लिहायला लागल्या. वळणदार अक्षराची बाई, पण आता अक्षर उतरणीला लागल्यासारखं पाटीच्या कडेला घसरायचं आणि खडू हातातून पडायचा.

प्रियदर्शिनी माधापूरला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती म्हणाली, "बाबा, आपण लॅपटॉप घेऊ. मांडीवर ठेवून एका बोटानं लिहिता येईल तिला. मी उद्याच आणते."

"उद्याच कसा आणशील? आधी बघायला नको? मी बघतो, पिऊ. हे काम माझ्यावर सोड."

तिनं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून हिम्मतराव सकाळी जेवून बाहेर पडायला लागले. सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात मोईनभाईंचं दुकान होतं, तिथं सगळ्या कंपन्यांचे भारी लॅपटॉप मांडलेले असायचे. हिम्मतरावांनी प्रत्येकाचं माहितीपत्रक मागून घेतलं, प्रत्येकाच्या बटणांवर बोट दाबून पाहिलं आणि घरी येऊन तक्ता आखला. पडदा किती इंची. वजन किती. बटणं मऊ की कडक. बॅटरी किती तास, कारण काचीगुड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. खालून तापतो का, कारण मांडीवर राहणार. मराठी अक्षरं उमटतात का. शेवटचा रकाना वॉरंटीचा.

घरी त्यांनी पुठ्ठे कापले. बारा इंची, चौदा इंची, पंधरा इंची. त्या-त्या लॅपटॉपच्या वजनाइतक्या रव्याच्या पुड्या त्या-त्या पुठ्ठ्यावर बांधल्या आणि जयवंताबाईंच्या मांडीवर ठेवून विचारलं, "हा जड होतो का? आणि हा?" छोटा हलका होता, पण त्याचा पडदा त्यांना चष्म्यातूनही नीट दिसला नसता. मोठा दिसला असता, पण अर्ध्या तासात पाय भरून आले असते. जयवंताबाईंनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'कोणताही चालेल.'

हिम्मतरावांना वाटलं, हिचं नेहमीचंच. पहिल्या ढिगातली वांगी.

खरं म्हणजे त्या फेऱ्यांमध्ये त्यांना बरं वाटायचं. घरी त्यांना काय करावं ते सुचत नसे. भरवताना घास बाहेर आला की ते चमचा ताटात ठेवून द्यायचे, आणि जयवंताबाई त्यांच्याकडं बघायला लागल्या की ते काहीतरी निमित्त काढून उठायचे. दुकानात मात्र एकेका लॅपटॉपपुढं उभं राहिलं की डोळ्यांसमोर ती लिहीत बसलेली दिसायची. पुढच्या उन्हाळ्यात, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. एका कंपनीची वॉरंटी एक वर्षाची होती, दुसरीची तीन. त्यांनी तीनवर खूण केली.

ऑगस्टच्या शेवटी मोईनभाई म्हणाले, "साब, दो महिने में नवा माडल आरा. स्क्रीन बड़ी, वजन कम. आपको जल्दी नै तो रुक जाव."

हिम्मतराव म्हणाले, "जल्दी नै."

त्या संध्याकाळी प्रियदर्शिनीनं विचारलं तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानानं तिला नव्या मॉडेलचं सांगितलं. ती बूटही न काढता दारातच उभी राहिली.

"आणखी दोन महिने? बाबा, आई काय टेंडर आहे का?"

"अगं, एकदाच घ्यायचा आहे. चुकीचा घेतला आणि तिला वापरता आला नाही तर? लहान पडला, जड झाला, तर?"

"तर दुसरा घेऊ. आज कुठलाही आणा."

"तुला यातलं कळत नाही."

कॉम्प्युटरवरच पोट भरणाऱ्या मुलीला आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं, पण शब्द मागं घेतला नाही. आतल्या खोलीत जयवंताबाईंनी पाटीवर बोटं आपटली. दोघं धावले. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. खडू खाली पडला होता आणि तो उचलायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

नवं मॉडेल दसऱ्याच्या दोन दिवस आधी आलं. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात ते पुढं होतं. खोकं देताना मोईनभाईंनी सहज विचारलं, "किसके वास्ते लेरे साब?" तीन महिन्यांत पहिल्यांदाच हिम्मतरावांनी सांगितलं. नोकराला गल्ल्यावर बसवून मोईनभाई स्वतः स्कूटरवर त्यांच्याबरोबर काचीगुड्याला आले.

जयवंताबाईंना उशीला टेकवून बसवलं, लॅपटॉप मांडीवर ठेवला. मापात अगदी बरोबर बसला. त्यांनी उजव्या हाताचं बोट बटणावर टेकवलं, आणि ते बोट त्यांना उचलता येईना. पडद्यावर एकच अक्षर उमटत गेलं. एक ओळ भरली, दुसरी भरली. हिम्मतरावांनी ते बोट हलकेच उचललं तेव्हा तिसरी ओळ अर्ध्यावर आली होती.

मोईनभाईंनी कुठंतरी काहीतरी बदललं, म्हणजे बटण कितीही वेळ दाबलं तरी अक्षर एकदाच यावं. मराठी अक्षरांना दोन-दोन बटणं लागत होती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरलं. पडदा, वजन, बॅटरी, सगळं मनासारखं होतं. पण बोट एका बटणावरून दुसऱ्या बटणाकडं न्यायला जयवंताबाईंना पाच-पाच मिनिटं लागत होती, आणि घाम येत होता.

मोईनभाई गेले. दुपार सरली. हिम्मतराव पलंगाशेजारी उभे होते, कधी उशी सारखी करत, कधी पडद्याचा उजेड कमी-जास्त करत. चार वाजता पडद्यावर चार अक्षरं होती. बी, ए, एस, ए. त्यांनी ती ओठांतल्या ओठांत जुळवली. बसा.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. जयवंताबाईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना पुढं काही लिहायचं नव्हतं. तिन्हीसांजेपर्यंत ते तसेच बसून राहिले आणि जुलैपासूनचे सगळे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, ज्या दिवसांत खडू धरता येत होता तेही.

पंधरा दिवसांत बोट हलायचं थांबलं. त्यानंतर हिम्मतराव घरातून बाहेर पडले नाहीत. ते भरवायचे, अंग पुसायचे, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. फेब्रुवारीत जयवंताबाई गेल्या.

प्रियदर्शिनी ऑफिसजवळ खोली घेऊन राहायला लागली. दर रविवारी यायची, स्वयंपाक करायची, मोजकं बोलायची. हिम्मतरावांनी ओळखलं होतं की ही आपल्याला माफ करणार नाही. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी ती म्हणाली, "डॉक्टरांकडून फोन आला होता. मलकपेठला तारामती म्हणून एक बाई आहेत. आईचंच दुखणं. लॅपटॉप देऊ या त्यांना?"

ते लगेच उठले.

तारामतीबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला. "आम्हीही घ्यावा म्हणतोय. दोन-तीन दुकानांत चौकशी चालली आहे. याच्याहून मोठ्या पडद्याचा येतो ना?"

"चौकशी करू नका," हिम्मतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका करडा निघाला की तो माणूस बघतच राहिला. हिम्मतरावांनी लॅपटॉप बाईंच्या मांडीवर ठेवला, सुरू केला, बटणांची ती खुबी समजावून दिली. बाईंची पाचही बोटं अजून चालत होती. त्यांनी भराभर आपलं नाव लिहिलं, मग गावाचं नाव, मग नवऱ्याला उद्देशून काहीतरी, ते वाचून तो हसला. हिम्मतराव तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

परतताना रिक्षा चादरघाटच्या पुलावर गर्दीत अडकली.

"बाबा," प्रियदर्शिनी म्हणाली, "जुलैमध्ये माझ्याजवळ पैसे होते. ऑफिसातून येताना कुठल्याही दुकानात शिरायचं आणि घेऊन यायचं. मी आणला नाही. तुमच्याशी भांडत बसले."

"माझा मान राखलास तू."

"नाही. मलाही वाटत होतं, वेळ आहे."

हिम्मतरावांना बोलायचं होतं की तुझी चूक नाही. पण ते पुलावरच्या त्या हॉर्नच्या गोंगाटात मोठ्यानं रडायला लागले. मुलीनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. पुढच्या गाड्या हलल्या तरी तिनं तो सोडला नाही.