संकष्टीचं सेविचे

सिंगापुरात तांजोंग पगारच्या बँकेत निशिकांत बिवलकरांचे केस पांढरे झाले, पण मेली बढती काही हाती लागेना. २००६ साली साहेबाने घरी जेवायला बोलावलं, तेही नेमकं संकष्टीला. बेत सेविचेचा, म्हणून ते शब्दाचं मूळ पाठ करून गेले: लिंबात मुरवलेला कच्चा मासा, शब्द स्पॅनिश, पण मूळ बहुधा अरबी, आंबट कालवणाचं नाव. साहेब खूश! मग जन्मात माशाला न शिवलेल्या या माणसाने उपास मोडून तो गिळला. साहेबाने पाठ थोपटली आणि शेजारच्या पोरसवदा पाहुण्याची ओळख करून दिली, "हे तुमचे नवे मॅनेजर."

घरी बायको मेधा मोदक करून चंद्रासाठी खोळंबली होती. "अहो, उगवला. सोडा आता उपास."

जिभेवर लिंबू तसंच होतं. मोडलेला उपास सोडायला बिवलकर पानावर बसले.